दोन्ही बाह्या डाव्या हाताच्या

“मॅडम, ग्रुपमध्ये बत्तीस जणी आहेत आणि ब्लाउज एकही नाही,” सामंत सर म्हणाले. ते आमच्या कुडाळच्या ट्रेनिंग सेंटरचे मॅनेजर. “शुक्रवारपर्यंत फोटो आले नाहीत तर ऑनलाइन बॅच बंद. मला वर उत्तर द्यावं लागतं.”

त्यांचं काही चुकत नव्हतं. सव्वीस वर्षं मी शिवण शिकवतेय, पण मोबाइलवर व्हिडिओ टाकून पहिल्यांदाच. ग्रुपला शिस्त हवी म्हणून सेटिंग असं ठेवलं होतं की मेसेज फक्त मीच टाकायचे. शंका असेल तर मला वेगळं विचारायचं. कुणीच विचारत नव्हतं. मला वाटलं, सगळ्यांना समजतंय.

त्या दुपारी एकेकीला फोन लावत बसले. आचऱ्याच्या फिलोमिनाने तिसऱ्यांदा लावल्यावर उचलला आणि रडायलाच लागली.

“टीचर, ब्लाउजाक दोनय हात डावेच झाले!”

बाहीचा पुढचा गोल मागच्यापेक्षा खोल कापतात, म्हणजे काखेत कापड गोळा होत नाही. म्हणून डावी बाही उजवीकडे बसत नाही. कापड दुहेरी न घालता एकेक बाही कापली की ही चूक होते. साधं सुती असतं तर एक बाही उलटून लावली असती. पण हे रेशीम, सुलट बाजू एकच. त्यात ते शेजारच्या सुरेखाचं, मुलीच्या लग्नात नेसायच्या साडीतलं. तसं दुसरं मिळणार नव्हतं, आणि लग्न रविवारी.

“आधी का नाही सांगितलंस?”

“सांगूक लाज वाटली. बाकीच्या सगळ्यांका जमता मां!”

मलाही तोडगा सुचेना. “ब्लाउजाचा फोटो ग्रुपवर टाकू?” मी विचारलं.

तिने नाक शिंकरलं. मग म्हणाली, “टाका. आता आणखी काय बिघडूचा रवला?”

मी सेटिंग बदललं. तिने पाठवलेला फोटो तिच्या नावासह टाकला आणि खाली लिहिलं, ‘उपाय मला माहीत नाही. कुणाला सुचतोय?’ पाठवण्याआधी ते वाक्य दोनदा पुसलं होतं. विद्यार्थिनींना असं मी कधी सांगितलंच नव्हतं.

मग मिठबावच्या वैशालीचा फोटो आला. तिच्याही दोन्ही बाह्या डाव्या. “रडा नको गो फिलोमिना. माजा पण तसाच झाला. मी कपाटात लपवन ठेवलंय.” पाठोपाठ आणखी चौघींनी कपाटं उघडली.

आणि मग वालावलच्या सुनंदाकाकींचा व्हॉइस मेसेज. त्या घरी वीस वर्षं मशीन चालवत होत्या. प्रवेशाच्या फॉर्मवर त्यांनी ते लिहिलंच नव्हतं.

“एका बाहीचो गोल इंचभर खाली घेवन परत काप, खोल गोल दुसऱ्या बाजूक घे. लांबी कमी पडात, थंय काठाची पट्टी लाव. दुसऱ्या बाहीकय तशीच लाव, म्हणजे फॅशन दिसात!”

मी कागदावर आखून पाहिलं. बरोबर होतं. रुंदी जराशी कमी पडत होती, ती शिलाईच्या आत दाबलेल्या कापडातून निघत होती. मी ग्रुपवर तेवढीच भर घातली.

गुरुवारी संध्याकाळी फिलोमिनाने फोटो पाठवला. सुरेखा दोन्ही हात वर करून हसत उभी. काखेत एक चुणी नाही. खाली फिलोमिनाचा आवाज: “टीचर, सुरेखाच्या भावजयीक पण असोच होयो!”

मी खुर्चीत बसल्या बसल्या टाळ्या वाजवल्या.

शुक्रवारपर्यंत सत्तावीस ब्लाउज आले. काही वाकडे होते, पण आले. सामंत सर बोटाने फोटो सरकवत राहिले.

“व्हिडिओ नवीन केलेत का?”

“तेच आहेत. बायकांना बोलायला दिलं.”

बॅच चालू राहिली. पुढच्या बॅचला सुनंदाकाकी माझ्या जोडीला शिकवायला होत्या.

बत्तीस नंबर एकत्र करायला मला दहा मिनिटं लागली होती. त्यांचा वर्ग व्हायला मात्र एकीने आपली चूक सगळ्यांना दाखवावी लागली, आणि बाकीच्यांनी न हसता ती सोडवावी लागली. आता नव्या ग्रुपवर पहिला फोटो मीच टाकते, माझ्या एखाद्या बिघडलेल्या ब्लाउजचा. सव्वीस वर्षांचा साठा आहे, कमी पडणार नाही.