वांगी रंगाचा ओटा

आमच्या घरात सकाळचा पहिला चहा ह्यांचा. म्हणजे करायचा ह्यांनी आणि अंथरुणात बसून आयता प्यायचा मी. लग्न झाल्यापासूनचा शिरस्ता आहे हा. बाकी स्वयंपाकघरात मोहरी कुठली आणि नाचणी कुठली, हे आजही ह्यांना सांगता येणार नाही. पण चहाला दुसऱ्या कुणी हात लावलेला खपत नाही. आलं किसायचं नाही, ठेचायचं. दूध आधी घालायचं नाही. झाकण ठेवून मुरू द्यायचा. माहेरी मी हे सांगितलं की माझ्या बहिणी नवऱ्यांकडे बघून दीर्घ श्वास घेत असत, आणि मला ते फार आवडायचं. खोटं कशाला बोलू!

मागे ह्यांच्या डोळ्यांच्या पडद्याचं दुखणं निघालं. समोरच्या गोष्टीचा मधला भाग पुसट होतो, कडेचं त्यातल्या त्यात बरं दिसतं. डॉक्टर म्हणाले, आहे ते टिकवू, गेलेलं परत येणार नाही. काही विचारायचंय का, असं त्यांनी विचारलं. मला वाटलं, हे आता पेपर वाचण्याचं विचारतील, स्कूटरचं विचारतील. ह्यांनी विचारलं, "सकाळचा चहा करता येईल ना मला?" डॉक्टर हसले. "घर नीट लावून घ्या, का नाही येणार?" रिक्षात बसल्यावर हे म्हणाले, "बाकी गेलं तर जाऊ दे. तेवढं राहिलं पाहिजे." आणि रिक्षावाल्याला कोथरूडचा रस्ता सांगू लागले.

तर घर नीट लावायला आम्ही असे निघालो.

सोसायटी जुनी, तिसरा मजला, दोन बेडरूमचं घर. स्वयंपाकघर म्हणजे एक खिडकी आणि काळ्या कडप्प्याचा ओटा. त्या ओट्याचा मला इतका राग होता की काय सांगू. त्यावर काय सांडलंय ते कळायचं नाही आणि पुसलं तरी पुसल्यासारखं दिसायचं नाही. मला पांढराशुभ्र ओटा हवा होता. किती वर्षांपासून हवा होता हे सोसायटीतल्या सगळ्या बायकांना पाठ आहे.

मुलगी हडपसरला असते, आयटीत. दर शनिवारी येऊन मोबाइलवर फोटो दाखवायची. "आई, हॉल आणि किचनमधली वॉल काढून टाकू. लाइट आरपार येईल. सगळं व्हाइट ठेवू, वरून स्पॉटलाइट्स देऊ, म्हणजे बाबांना एकदम क्लिअर दिसेल." मलाही पटलं. दिसत कमी असेल तर उजेड वाढवायचा, हे शेंबड्या पोरालाही सुचेल. हे दुकानात आले, पांढऱ्या दगडाच्या नमुन्यावरून हात फिरवला आणि म्हणाले, "हाच घे. किती वर्षं म्हणते आहेस."

मधली भिंत पडली. बेडरूमपासून ओट्यापर्यंत सरळ वाट झाली, मध्ये पायात येणारी टीपॉय मी धायरीच्या नणंदेकडे रवाना केली. भिंती फिक्या सायीच्या रंगाच्या केल्या. दारांच्या चौकटी तेवढ्या जुन्या सागवानी, गडद, तशाच ठेवल्या, कारण मुलीला त्याही पांढऱ्या करायच्या होत्या आणि मी म्हटलं, हॉस्पिटल करायचंय का घराचं? ओटा बसला, टाइल्स लागल्या, दिवे लागले. संध्याकाळी सगळे दिवे लावून आम्ही मायलेकी बघत राहिलो. मला तर रडूच आलं आनंदानं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मला जाग आली ती आवाज येत नव्हता म्हणून. आलं ठेचल्याचा नाही, झाकणाचा नाही. उठून गेले. हे ओट्याशी उभे होते, एक हात कपाळावर आडवा धरून. वरचे दिवे खालच्या चकचकीत दगडावर पडून उलटे ह्यांच्या डोळ्यांत जात होते. पांढऱ्या ओट्यावर पांढरा कप, तो ह्यांना दिसतच नव्हता. आलं न घालताच, झाकण न ठेवताच चहा करून झाला होता, पण गाळला होता तो अर्धा कपाबाहेर. ओघळ खाली फरशीवर उतरला होता.

आता माझा स्वभाव सांगते. ओला टॉवेल पलंगावर दिसला तर मी घर डोक्यावर घेते. खालच्या मजल्यावरच्या काकू त्यावरून घड्याळ लावतात म्हणे. पण त्या दिवशी मी ओरडले नाही. फडकं घेतलं, पुसलं आणि म्हटलं, "असू दे हो. होतं असं."

उद्यापासून तूच करत जा, असं हे त्याच दिवशी म्हणाले. "तुझ्या हातचाही बरा असतो." बरा! पुणेरी माणसाकडून याहून मोठं प्रशस्तिपत्र मिळत नाही. मी करू लागले. हे निमूटपणे प्यायचे आणि गॅलरीत जाऊन बसायचे. येणारेजाणारे ओट्याचं कौतुक करायचे, मी हसून मान डोलवायचे, आणि आतून माझं डोकं फिरायचं. हे साखर कमी आहे असंसुद्धा म्हणत नव्हते हो!

एका दुपारी माझा बांध फुटला. "अहो, चहा करणं का सोडलंत?"

"ओटा दिसत नाही."

"दार बरं दिसतं! अख्ख्या घरात कुठे अडखळत नाही तुम्ही."

"दाराची चौकट गडद आहे, भिंत फिकी आहे. म्हणून दिसतं. तिथे सगळंच पांढरं."

"मग सांगायचं ना! एकदा सांडलं म्हणून काय झालं? आधी काय सांडत नव्हतं?"

"सांडायचं की. आणि तू ओरडायचीस." ह्यांनी तोंड गॅलरीकडे वळवलं. "या वेळी ओरडली नाहीस. तेव्हा मला कळलं, की आता आपण आजारी माणूस झालो."

मला भडभडून आलं. उठले, कपाट उघडलं आणि साड्या काढायला लागले. ह्यांना वाटलं मी माहेरी निघाले. पण माझ्या डोक्यात दाराची चौकट बसली होती. पुढे कप पांढरा, तर मागे ओटा कुठला हवा, हे दुकानात बसून कळणार नव्हतं. मी वरचे दिवे बंद केले, एकेक साडी ओट्यावर अंथरली, तिच्यावर कप ठेवला, पातेलं ठेवलं आणि ह्यांना समोर उभं केलं.

"ही?"

"कप दिसतो. पण ही बुट्टी आहे का मुंगळा?"

नक्षी बाद. बुट्टीच्या साड्या परत कपाटात. पिवळीवर कपाची कड हरवली. मोरपंखी चमकत होती, रेशमाची चमकही ह्यांना सोसत नव्हती. राखाडीवर पातेलं गायब. लग्नानंतर एवढ्या बारकाईनं ह्यांनी माझ्या साड्या कधी बघितल्या नव्हत्या, आणि बघितल्या त्या डोळे अधू झाल्यावर, हे मी बोलून दाखवलं. हे खदखदून हसले. कितीतरी दिवसांनी हसले. मग मी सुती, गडद वांगी रंगाची साडी टाकली. ह्यांनी हात पुढे केला आणि न चाचपडता कपाचा कान धरला.

"ही," म्हणाले. मग कप खाली ठेवून, "पण तुझा पांढरा ओटा गं?"

"टाइल्स आहेत ना पांढऱ्या. बघेन त्यांच्याकडे."

मुलीनं फोनवर डोक्याला हात लावला असणार. "आई, आर यू सीरियस?" मी म्हटलं, सीरियसच आहे. मिस्त्रीचा तर विश्वासच बसेना. "काकू, नवा कोरा दगड उखडायचा? काही खोट निघाली का?" म्हटलं, "दगडात नाही हो, आमच्या डोक्यात निघाली. तुम्ही उखडा." वांगी छटेचा, चमक नसलेला ग्रॅनाइट आणला. वरचे दिवे काढून कपाटांच्या खाली आडोशाला दिव्यांची पट्टी लावली, म्हणजे उजेड ओट्यावर पडतो, डोळ्यांत येत नाही. पांढरा दगड गॅलरीत गेला. त्यावर कुंड्या ठेवल्यात आणि कडेला बसायला जागा केलीय. छान दिसतो तिथे. वाईट वाटलं का? वाटलं थोडं. पण ओटा रोज बघायचा असतो, आणि तो ह्यांच्याबरोबर बघायचा होता मला.

नवा ओटा वापरायला मिळाला त्या सकाळी हे उठले तेव्हा मी जागीच होते. उठायचं नाही, असं स्वतःला बजावून पडून राहिले. आलं ठेचल्याचा आवाज आला. पाणी उकळल्याचा. मग झाकण खणकन खाली पडलं. मी पलंगाची कड घट्ट धरली. देवा, उठवू नकोस मला. मग बराच वेळ काहीच नाही. मग सावकाश पावलं.

कप माझ्या हातात आला. काठोकाठ, आणि बशी कोरडी.

"झोपेचं सोंग पुरे," हे म्हणाले. "आत दूध ओतताना थोडं सांडलंय. गॅसखाली गेलंय. आधी चहा पी, मग बघ."

मी शेवटच्या घोटापर्यंत सगळा चहा प्यायले. मग आत जाऊन बघितलं. थोडं म्हणे! माझ्या नव्या ओट्यावर दुधाचं तळं झालं होतं, पार गॅसच्या पायांपर्यंत. मी पदर खोचला आणि ओरडले. लक्ष कुठे असतं तुमचं, पुसायला कोण येणार आहे, इतकी वर्षं चहा करताय आणि दूध ओतता येत नाही अजून! घसा बसेपर्यंत ओरडले. रडत होते की हसत होते कोण जाणे.

हे पलंगावर माझ्या जागी जाऊन बसले होते. उशी टेकून, पाय पसरून, डोळे मिटून सगळं ऐकत होते. मी दम घ्यायला थांबले तर म्हणाले, "चालू दे, चालू दे."