तो खान आमचा होता

बाबा नागपूरला शाळेत इतिहास शिकवायचे. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, पण समोर दोन माणसं बसली की अजूनही त्यांचा तास सुरू होतो. गेल्या उन्हाळ्यात ते आमच्याकडे आयर्लंडमध्ये एनिसला आले, तेव्हा मी कंपनीतल्या मैत्रिणीला जेवायला बोलावलं. शॅननला कामावर आम्ही दोघी एकाच गाडीतून जातो. ती सायबेरियाची आहे हे कळताच बाबा खुलले.

श्रीखंड वाढेपर्यंत गाडी सायबेरियावर चालून गेलेल्या कोसॅक सरदारावर आली होती. "मूठभर माणसं! बडे व्यापारी पाठीशी, हातात बंदुका, आणि हा पठ्ठ्या होड्या घेऊन डोंगरापलीकडे उतरला. तिथल्या खानाची राजधानीच घेतली! तिथून रशियाला पूर्वेची वाट मोकळी झाली." इंग्रजी अडखळत होतं, पण हात जोरात चालले होते.

मैत्रीण हसली. "आजोबा, मी तातार आहे. तो खान आमचा होता."

बाबांचा हात हवेतच राहिला. मला वाटलं, झालं, जेवणाचा विचका. माझी मुलगी मात्र "ओह, ग्रँड!" म्हणत खुर्ची पुढे ओढून बसली.

"अरे बाप्पा," बाबा म्हणाले. "मग तुमच्याकडे कशी सांगतात ही गोष्ट?"

"शाळेत तुमच्यासारखीच. घरी आजी शेवटापासून सुरू करायची. खानाच्या माणसांनी छापा घातला, सरदार पळताना नदीत पडला आणि अंगातल्या जड चिलखतानं तळाला गेला. 'बुडाला!' म्हणून आजी टाळी वाजवायची. मग मात्र तिचा आवाज उतरायचा. प्रेत सापडलं, तेव्हा आमच्याच लोकांनी त्याला मानानं पुरलं म्हणे."

"आमच्याकडेही आहे अशी एक कबर," बाबा म्हणाले. "प्रतापगडाजवळ. शत्रूचीच." मग एकदम पुढे झुकले. "आणि खानाचं काय झालं हो? आमचा धडा राजधानी पडली की संपायचा."

"म्हातारा झाला, डोळे गेले, तरी शरण आला नाही."

"वा!" बाबांनी टेबलावर अशी थाप मारली की वाट्या नाचल्या.

त्यानंतरचे सगळे शनिवार त्या दोघांचे झाले. फर्गस नदीच्या काठानं फिरत, मोडक्या इंग्रजीत ते लढाया लढत. मला कुणी चल म्हणूनही म्हटलं नाही.