बाहेरच्यांचा रकाना

आमच्या गल्लीतल्या सरकारी दवाखान्यात लस टोचणाऱ्या सिस्टरला सगळे लवंगी म्हणतात. तोंडावर नाही अर्थात. कुणाची छाती आहे? माझं चष्म्यांचं दुकान बरोबर समोर. दुकान सून चालवते आणि मी खुर्चीत बसून रस्ता चालवतो, त्यामुळे लवंगीची खबरबात मला तिच्या नवऱ्याच्या आधी लागते.

बाई उंचीला जेमतेम, पण जीभ अशी की कात्रीने हात जोडावेत. पोर भोकाड पसरायच्या आत सुई टोचून मोकळी होते आणि बापाला दरडावते, "तुम्ही कशाला डोळे मिटताय? तुम्हाला टोचलंय का?" म्हातारी हेड सिस्टर निवृत्त व्हायला आली होती. त्या खुर्चीवर आपला डोळा आहे हे लवंगीने कुणाला सांगितलं नव्हतं. पण तिने नवा कोट शिवायला टाकलाय, हे शिंपी मला सांगून गेलाच. जागा तिलाच मिळणार हे ठरल्यात जमा होतं, कारण लसीकरणाच्या टक्केवारीत आमचा दवाखाना दर महिन्याला पहिला.

आता ही टक्केवारी कशी निघते? मोठं ऑफिस कळवतं, तुमच्या भागात मुलं इतकी. त्यातल्या किती जणांना टोचलं ते आपण महिनाअखेरीस वर कळवायचं. लसीच्या बाटल्याही त्याच हिशेबाने येतात. मध्ये काय झालं, नदीपलीकडे बोगद्याचं काम निघालं, पत्र्याच्या खोल्या उठल्या आणि मजुरांची बिऱ्हाडं आली. त्यांची पोरं मात्र कागदावर मूळ गावीच राहिली. इथे टोचून घेतलं तर नोंद 'बाहेरचे' या रकान्यात. तो रकाना ऑफिस कशातच धरत नाही, म्हणून त्यांच्या नावाने बाटलीही येत नाही.

गोवराच्या लसीची बाटली एकदा फोडली की काही तासांत संपवायची, उरेल ते फेकायचं. तेव्हा त्या आया पोरांना मांडीवर घेऊन दवाखान्याच्या पायऱ्यांवर बसून राहायच्या. बंद होताना तळाशी काही उरलं तर त्यांचं, नाहीतर पुढच्या खेपेला या. उष्टं-खरकटं वाढावं तशी लस! एक बाई अशी लागोपाठ दोनदा रिकामी गेली. तिसऱ्या खेपेला लवंगीने शेवटची बाटली उजेडात धरली, तर कोरडी ठणठणीत. पोराचं टोपडं सारखं करून बाई उठली. लवंगीला तेच झोंबलं.

ती नदीपलीकडे गेली, खोल्याखोल्यांतून फिरून पोरं लिहून आणली आणि महिन्याच्या अहवालात सगळी 'आपले' म्हणून घातली. भागातली मुलं वाढली, टोचलेली होती तितकीच. पहिल्या नंबरचा दवाखाना एका फटक्यात तळाला!

आणि मोठ्या ऑफिसात हे अहवाल गोळा करणारी कोण? लवंगीची सख्खी थोरली नणंद. आता बोला!

पुढचा प्रसंग मला लवंगीच्या सासूने सांगितला. म्हातारी चष्म्याची काडी घट्ट करून घ्यायला आली होती. काडी सैल नव्हतीच.

नणंद रविवारी आली ती चप्पल काढायच्या आत म्हणाली, "कॉम्प्युटरवर तुझी ओळ लालभडक झालीये."

"होऊ दे."

"होऊ दे काय? मुलांचा आकडा आपण ठरवत नसतो. वरून येतो."

"वरून सगळं दिसत नाही वन्सं. नदी आडवी येते."

"अगं, ती पोरं त्यांच्या गावच्या यादीत आहेत. दोनदा मोजायची?"

"यादी गावात आहे, पोर इथे आहे. गोवर काय यादीला होतो?"

"ताई, चहा घे ना," नवरा मध्येच पुटपुटला.

"तू गप्प बस!" दोघी एकदम म्हणाल्या. इतक्या वर्षांत त्यांचं एकमत झालेलं सासूने पहिल्यांदाच पाहिलं.

"जुना आकडा घाल आणि सही कर," नणंद म्हणाली. "हेड सिस्टरचं याच महिन्यात ठरतंय. आपल्याच पायावर धोंडा कशाला पाडून घेतेस?"

"धोंडा माझा, पाय माझा."

"असं? मग मीच येते मोजायला. आणि फटके बसतील ते तू एकटीने खा, मला त्यात ओढू नकोस."

आली की खरंच! लसीच्या दिवशी पायऱ्यांवर पर्स मांडीवर घेऊन बसली आणि एकेका आईला खोदून विचारायला लागली. लवंगीची चूक सापडलीच. तिकडे माणसं खोल्या बदलत राहतात. काही पोरं तिने आईबापांच्या खोलीत लिहिली होती आणि आजीच्या खोलीतही. नणंदेने काय चवीने काटाकाट केली! "ही जुळी कुठून पैदा केलीस गं?" लवंगीचे कान लाल झाले, पण निमूट ऐकून घेतलं. चूक ती चूक.

तेवढ्यात एका बाईने नणंदेलाच दवाखान्यातली समजून विचारलं, "ताई, आज उरेल का?"

नणंदेने पर्स उघडली, बंद केली. मग लवंगीला म्हणाली, "दुबार काढून टाकली. बाकीची खरी आहेत. अशीच पाठवते."

महिन्याच्या बैठकीत मोठ्या ऑफिसातल्या साहेबांनी ती लाल ओळ सगळ्यांदेखत वाचून दाखवली. "या दवाखान्याला काय रोग झालाय? दुरुस्त करून पाठवा."

"दुरुस्तच आहे साहेब," लवंगी उभी राहिली.

"हेड सिस्टरच्या जागेचा विचार करा, बाई."

"केला. शिवलेला कोट शिंपी परत घेत नाही, पण तो घरी घालीन. पोरं परत खोडणार नाही."

साहेबांचा पारा चढणार, एवढ्यात मागच्या रांगेतून नणंद उठली. "मी स्वतः जाऊन तपासलंय, सर. खाली माझी सही आहे. बदलायचं असेल तर तुम्ही तुमच्या सहीने बदला."

सही करायला साहेबांचा हात काही पुढे आला नाही. जागेच्या कागदावर मात्र लगेच आला. जागा शेजारच्या वॉर्डातल्या एका शांत बाईला गेली. पण पुढच्या महिन्यात लसीची पेटी उचलायला दोन माणसं लागली आणि पलीकडच्या बायका सकाळीच रांगेत येऊन नंबरावरून भांडायला लागल्या.

नव्या हेड सिस्टरने त्या गलक्यात हळूच विचारलं, "अहो, पण मग आपण असेच तळाला राहणार का?"

"राहू की," लवंगी सिरिंज भरत म्हणाली. "आता त्या पोराचे पाय धरा बघू, लाथा झाडतंय."