आता खांदे सोड

सोसायटीच्या सत्यनारायणाला मी प्लॅस्टिकच्या खुर्च्यांची अख्खी चळत एकदम उचलली. कुणी सांगितलं नव्हतं. समोर महिला मंडळ बसलं होतं, एवढंच कारण. कमरेत कट्‌कन झालं, खुर्च्या सुटल्या आणि मी वाकलो तो वाकलेलाच राहिलो. नेमके पुढ्यात पहिल्या मजल्यावरचे परबकाका उभे होते. भर मांडवात आपल्या पायांशी वाकलेला माणूस बघून ते गहिवरले. माझ्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, "सुखी रव, बाबा." तरी मी उठेना, तेव्हा त्यांनी वाकून माझं तोंड पाहिलं.

"कंबर गेली? मगे आधी सांगाक नको? माझो आशीर्वाद फुकट गेलो!"

काका मूळचे कुडाळकडचे. गिरणी बंद पडल्यावर कुठल्याशा कारखान्यात स्टोअर सांभाळून निवृत्त झालेले. काकी गेल्यापासून बोरीवलीच्या त्या घरात एकटेच असायचे. दुसऱ्याच दिवशी त्यांनी मला दुपारी बोलावून घेतलं. माझं काम घरूनच चालतं, त्यामुळे जेवणाच्या सुट्टीत खाली उतरलो. जमिनीवर चटई, तिच्या टोकाला लाकडी खुर्ची.

"पाठीवर आडवा हो. पोटऱ्या खुर्चीवर ठेव. आता काही करायचं नाही."

"आणि व्यायाम?"

"हाच. तुम्हा लोकांना काही न करणंच जमत नाही."

डोळे मिटायचे आणि बाजूच्या स्टुलावरून येणारा काकांचा आवाज ऐकायचा. पाय सोड. मांड्या सोड. कंबर आपोआप टेकेल, तू दाबू नको. आता खांदे सोड. मग त्याच संथ सुरात ते म्हणाले, "बांगड्या वर घे, रुततील."

मी एक डोळा उघडला. काका खिडकीबाहेर बघत होते.

"आता अंबाडा सोड गो, मानेक टोचता."

माझ्या टकलावर अंबाडा! पोट गदागदा हलायला लागलं. "पोट पण सोड," काका म्हणाले, आणि माझं हसू कुठल्या कुठे गेलं.

काकींना पाठीचं दुखणं होतं. जेवणं आटोपली की काका त्यांना रोज असं निजवायचे, वर्षानुवर्षं. वाक्यं तोंडात बसली होती; ती आता कुणाला सांगतोय, हे त्यांच्या ध्यानातच येत नसावं. मीही कधी बोललो नाही. अंबाडा सोड म्हटलं की मान जरा इकडे-तिकडे करायचो. एकदा फोन वाजला म्हणून ताडकन उठलो, तर केवढे भडकले! "मेल्या, ऑफिसाक काय आग लागली? कुशीवर वळ, हाताचा रेटा दे, मान शेवटी!"

दोनेक महिन्यांत कंबर बरी झाली. एक दिवस काकाच म्हणाले, "आता झकास चालतोस. उद्यापासून घरीच कर." म्हणताना चटई गुंडाळत होते, आणि गुंडाळलेली चटई पुन्हा सोडून नव्याने गुंडाळत होते.

मी चट्‌कन कमरेवर हात ठेवला. "नाही हो काका. सकाळी बूट घालताना परत चमकली."

दुसऱ्याच्या दुखण्याने एवढा खुललेला चेहरा मी आजवर पाहिलेला नाही. "मगे येत रव. घाई नाय."

पुढे वर्षभर माझी कंबर अशी चमकत राहिली. मग इमारत पुनर्विकासाला गेली. आम्ही जवळच भाड्याने घर घेतलं. काकांना न्यायला गावाहून पुतण्या आला. शेवटच्या दुपारी त्यांच्या घरात काहीच उरलं नव्हतं, खुर्चीही टेम्पोत चढली होती. मी म्हटलं, "काका, आज तुम्ही आडवे व्हा. मी सांगतो."

"माका कित्याक? माझी पाठ ठणठणीत आहे." ते खिडकीच्या कट्ट्यावर टेकले. "थंय गावाक दुपारची सगळी आपापल्या कामात. पाय सोड म्हणून मी कोणाक सांगू?"

मी नुसत्या लादीवर पडलो, पाय भिंतीला लावले. काका सांगू लागले. रिकाम्या खोलीत आवाज घुमत होता, त्यामुळे प्रत्येक गोष्ट दोनदा सोडावी लागत होती.

"दुपारी फोन करत जा," मी निघताना म्हटलं. "करतो," म्हणाले. अजून केलेला नाही. मीच केला, तर पुतण्याने उचलला. काका पडवीत नुसते बसून असतात, म्हणाला.

त्या रात्री जेवणाआधी हे सगळं बायकोला सांगितलं. कंबर कधीच बरी झाली होती, तेही. ती पोळ्या लाटत होती. लाटणं बाजूला ठेवून म्हणाली, "ते ठाऊक होतं रे मला. पण या ओट्याशी उभं राहून गणपतीपासून माझी कंबर धरलीय, ते तुला ठाऊक होतं का?"