फळ्यावरचं नाव

व्यंकटराव टँकर घेऊन गावात पोचले, की आधी गावकुसाबाहेरच्या रांगेकडं पाइप न्यायचे. पुढारी कुरकुरले तर म्हणायचे, "मालक, पानी वाटताना तोंड बघू न्हाई. घागर बघावी." जळकोट भागातल्या कितीतरी गावांत हे वाक्य लोकांना पाठ झालं होतं.

लातूर तेव्हा नुकताच जिल्हा झाला होता. कचेरीत खुर्च्या कमी आणि माणसं जास्त होती, आणि पावसानं तर पाठच फिरवलेली. टँकरच्या फेऱ्या लावणं माझ्याकडं होतं. व्यंकटराव बिलोलीकडचे, रंगानं काळेकुळकुळीत. पहिल्याच आठवड्यात ते फेरीवरून घामाघूम होऊन दारात उभे राहिले, तेव्हा मी सगळ्यांसमोर म्हणालो, "आला बघा आपला हबशी."

निजामाच्या फौजेत आफ्रिकेतून आणलेले शिपाई असत. त्यांच्यावरून आमच्याकडं काळ्या माणसाला सहज हबशी म्हणायचे. वडील म्हणायचे, आजोबा म्हणायचे. कचेरी हसली. व्यंकटरावही हसले, आणि मला तेवढं पुरेसं वाटलं. दुसऱ्या दिवशी फेऱ्यांच्या फळ्यावर मी खडूनं लिहिलं, 'हबशी – जळकोट'. पुढं खेड्यातल्या म्हाताऱ्या त्यांना मायेनं 'हबशीदादा' म्हणू लागल्या. त्यांना ते आडनावच वाटायचं.

एकदा व्यंकटराव गाडीची किल्ली घ्यायला आले आणि तिथंच घुटमळले.

"काय रे?" मी विचारलं. ते माझ्याहून दहा वर्षांनी मोठे होते.

"साहेब, फळ्यावर तेवढं व्यंकट लिहा की. पोरगी डबा घेऊन येती हितं. आता वाचाय लागलीय."

"बरं बरं," मी म्हणालो. दोन दिवस व्यंकट लिहिलं. तिसऱ्या दिवशी घाईत हात सवयीनं गेला. ते फळ्यासमोर थोडा वेळ उभे राहिले आणि गाडीकडं गेले. पुन्हा त्यांनी कधी सांगितलं नाही. डबा मात्र त्या दिवसापासून सकाळीच स्वतःबरोबर आणू लागले.

गेल्या वर्षी ते वारले. मी भेटायला गेलो. मुलगी आता शाळेत शिकवते. तिनं चहा दिला आणि समोर बसली.

"वर्गात कुणी कुणाला काळ्या म्हटलं तरी मी चालू देत नाही," ती म्हणाली. "मुलं म्हणतात, बाई, गंमत असते. अण्णांना कचेरीत काय म्हणायचे, मला माहीत आहे."

मी कप बशीत ठेवला.

"अण्णा सांगायचे, कुणी एक साहेब होते, ते नाव पाडून बदलून गेले. पण तुमचं नेहमी नाव काढायचे. म्हणायचे, अख्ख्या कचेरीत तेवढा एकच माणूस मला व्यंकटराव म्हणून हाक मारायचा." तिनं माझ्याकडं पाहिलं. "खरंय ना, काका?"

कचेरीतून कधीच बदलून न गेलेला तो साहेब मीच होतो. खरं सांगायला एवढी चांगली वेळ पुन्हा येणार नव्हती, हेही कळत होतं.

मी "हो" म्हणालो.