साडूभाऊंची टोपी

माझ्या साडूंसारखा माणूस उभ्या नगर जिल्ह्यात दुसरा मिळायचा नाही. जिल्ह्याचं नाव आता अहिल्यानगर झालंय, पण नव्या नावाच्या जिल्ह्यातही मिळायचा नाही. आणि समजा मिळालाच, तर माझं नशीब असं की त्यालाही नेमकी माझीच एखादी मेहुणी दिलेली निघेल. सख्खा भाऊ पुढे गेला तर चारचौघांत आपली कॉलर ताठ होते. शेजारी पुढे गेला तर मधली भिंत उंच बांधता येते. साडू पुढे गेला तर माणसानं करायचं काय? त्याची बातमी आपल्याच स्वयंपाकघरातून, आपल्याच बायकोच्या तोंडून, आपल्याच चहाबरोबर येते. "अहो ऐकलं का, पाथर्डीच्या पाहुण्यांनी..." एवढं कानावर पडलं की माझ्या चहातली साखर जाते. पुढचं वाक्य काहीही असो. पाहुण्यांनी गाडी घेतलेली असते, नाहीतर पाहुण्यांच्या बोअरला पाणी लागलेलं असतं.

मी बेलापूरचा. माझं खता-बियाण्यांचं दुकान आहे. ते पाथर्डीचे, आणि त्यांचा धंदा मंडप-लाऊडस्पीकरचा. मी हात केला तर एसटी लांब पुढे जाऊन थांबते आणि मला पळवते. हे गृहस्थ नुसते कान खाजवायला हात वर करतात, तर ड्रायव्हर त्यांच्या पायाशी दार आणून उभं करतो. आयुष्य माईकसमोर गेल्यामुळे फोन उचलला की "हॅलो" म्हणून ते कधी थांबत नाहीत, "हॅलो, हॅलो, चेक, आवाज येतोय का?" एवढं पुरं म्हणतात आणि पलीकडच्यानं "येतोय" म्हटल्याशिवाय विषयाला हात घालत नाहीत. एकदा एका दशक्रियेच्या प्रवचनाला त्यांनी माईक लावला होता. तिथंही मागच्या बायकांना विचारलं, "मावशी, आवाज येतोय न्हवं? मंग रडा निवांत." दुसरं कुणी असतं तर लोकांनी गोदावरीत बुडवलं असतं. यांना त्या घरच्यांनी पुढच्या लग्नाचा मंडप दिला.

अशा माणसाशी माझी बरोबरी होती ती एकाच बाबतीत. टक्कल! आम्ही दोघे जावई सासुरवाडीला शेजारी शेजारी बसलो की मेव्हणा म्हणायचा, "आई, लाईट गेली तरी चालंल आता." मी हसायचो, कारण या एका पंगतीत तरी साडूभाऊ माझ्या शेजारी होते. बाकी सासुरवाडीला मान माझा, कारण मी थोरला. पहिलं ताट मला, पहिला टिळा मला, आणि आहेराच्या टोप्या तर दोन्ही माझ्याच मापाच्या. सासूबाईंचा हिशोब साधा आहे, थोरल्याला बसली की धाकट्याला बसलीच पाहिजे. साडूभाऊंच्या डोक्यावर ती टोपी डब्यावरच्या झाकणासारखी नुसती ठेवलेली असायची. तरी ते मान न हलवता म्हणायचे, "झ्याक बसली!" आणि घराबाहेर पडलं की काढून खिशात घालायचे. त्याच खिशात त्यांचा कंगवा असे. होय, कंगवा! डोक्यावर विंचरण्यासारखं काही उरलं नव्हतं तेव्हाही या माणसानं कंगवा सोडला नाही. मी एकदा विचारलं, तर म्हणाले, "साडूभाऊ, जागा आपली हाय, आज ना उद्या पीक येईल. अवजारं मोडीत काढायची नसतात."

पीक यावं म्हणून त्यांनी काय काय केलं! कांद्याचा रस लावला, तेव्हा मेहुणी आठवडाभर माहेरी जाऊन राहिली. वडाच्या पारंब्यांचं तेल काढलं. कुणीतरी सांगितलं म्हणून मेथी वाटून थापली आणि तसेच एका साखरपुड्याला स्पीकर लावायला गेले, तर मागे शेळी लागली. मी हे सगळं बायकोकडून चवीनं ऐकत असे, आणि अशा दिवशी चहा दोनदा घेत असे.

मग त्यांच्या मोबाईलवर ती जाहिरात आली. घरबसल्या डॉक्टर, व्हिडिओवर तपासणी, औषध कुरिअरनं. मी म्हटलं, "साडूभाऊ, हे लोक टोपी घालतात. जपून." ते म्हणाले, "घातली तर घातली. आपल्याला सासूबाई दर वर्षाला घालत्यात." आणि त्यांनी नाव नोंदवलं. घरात रेंज नाही म्हणून तपासणीला गच्चीवर गेले. पुण्यातल्या कुणी तरुण डॉक्टरीण बाई फोनवर आल्या. हे सुरू झाले, "हॅलो, हॅलो, चेक, आवाज येतोय का?" बाई म्हणाल्या, "येतोय काका, पण मला आवाज नको, डोकं दाखवा." वडिलांना टक्कल होतं का, असं त्यांनी विचारलं, तर यांनी सगळ्या भावकीची हजेरी घेतली आणि शेवटी म्हणाले, "बाई, आमच्या वाड्यावस्तीला कंगवा इकनारा माणूस येतच न्हाई." बाईंनी हसून घेतलं आणि सगळं नीट विचारलं. बीपी आहे का, छातीत कधी दुखलंय का, आधीची औषधं कुठली. एक गोळी आणि एक लावायचं औषध लिहून दिलं. वर बजावलं, की ही जादू नाही, महिने लागतील, आधी थोडे गळतीलही, आणि काही त्रास वाटला तर लगेच कळवायचं.

आधी थोडे गळतील! कानावर जी होती नव्हती ती झालरसुद्धा पहिल्या महिन्यात विरळ झाली. मी पेढे वाटले नाहीत एवढंच. मुद्दाम फोन करून म्हटलं, "कसं काय साडूभाऊ, ऊस तुटला म्हणे?" ते शांतपणे म्हणाले, "डॉक्टरीण बाई म्हनल्या हुत्या, जुनं जाईल मंग नवं येईल." तेव्हापासून उठता बसता डॉक्टरीण बाई सुरू झाल्या. झोपायचं कधी, डाळी किती खायच्या, सगळं डॉक्टरीण बाई म्हणल्या म्हणून. ज्या माणसानं सासऱ्यांचं कधी ऐकलं नाही, तो फोनमधल्या पोरीसारख्या डॉक्टरचा शब्द न शब्द ऐकत होता.

त्याच सुमारास शिर्डीच्या एका हॉटेलात लग्नाचं काम होतं, तिकडे जाताना ते माझ्या दुकानात उतरले. "नवा फोन घेतलाय," म्हणाले, "कॅमेरा कसा येतो बघू. साडूभाऊ, जरा मान खाली घाला." मी युरियाच्या गोणीवर बसलो होतो. हे स्टुलावर चढले आणि वरून माझ्या डोक्याचे फोटो काढले. पुढून, मागून, उजेडात वळवून. माझ्या माथ्यावर लहानपणी उसाच्या ट्रॉलीवरून पडल्याची कोयरीच्या आकाराची खूण आहे, तिचा तर अगदी जवळून घेतला. ते गेल्यावर माझ्या डोक्यात प्रकाश पडला. उद्या यांचं उगवणार, आणि हे गावभर दाखवणार, 'हे बघा आमचे थोरले साडू, आणि हे बघा आम्ही!' मी तडफडलो. बायकोला म्हटलं, "तुझ्या बहिणीचा नवरा माझ्या डोक्याची जाहिरात करणार आहे." ती म्हणाली, "करू द्या. डोक्याचा काही तरी उपयोग झाला म्हणायचा."

पण पुढे झालं भलतंच. साडूभाऊ टोपी घालायला लागले. पांढरी, कडक इस्त्रीची, पाथर्डीच्या बाजारातून आपल्या मापानं घेतलेली. माझ्याकडे आले की टोपी, एखाद्या लग्नात भेटले की टोपी. मी तर्क केला, की औषध फसलं आणि बिचारा तोंड लपवतोय, म्हणजे डोकं लपवतोय. खरं सांगतो, इतकी वर्षं मला त्या माणसाबद्दल एवढी माया कधी वाटली नव्हती. चहा पाजला, शेव मागवली, पाठीवर हात ठेवून म्हटलं, "सोडा हो, केसांत काय आहे!" ते खाली बघत म्हणाले, "व्हय, खरंय तुमचं." माझं पोट भरलं.

यंदा भर उन्हाळ्यात अधिक महिना आला आणि सासूबाईंनी दोन्ही जावयांना धोंड्याच्या जेवणाला बोलावलं. आम्ही आदल्या दिवशीच मुक्कामाला गेलो. सकाळी मी दात घासत मळ्याकडे गेलो, तर विहिरीवर मोटारीच्या धारेखाली साडूभाऊ अंघोळ करत होते, माझ्याकडे पाठ करून. आणि डोक्यावर केस! थोडेथोडके नाहीत. काळे, ओले, मानेपर्यंत पाणी ओघळवणारे. माझ्या तोंडातली पेस्ट तोंडातच राहिली. मी मागच्या पावली परत फिरलो. माझी खात्री झाली, की आज पंगतीत, सासूबाईंनी टिळा लावताना, हा माणूस सगळ्यांदेखत टोपी काढणार आणि माझी वर्षानुवर्षांची थोरली खुर्ची एका झटक्यात उलथवणार.

जेवायची वेळ झाली. पाटाभोवती रांगोळी, ताटात पुरणाचे धोंडे, वर तुपाची धार, वाणाला अनारसे. पहिला टिळा मला लागला, पहिली टोपी मला. मग सासूबाई धाकट्याकडे वळल्या. "जावईबापू, जुनी काढा की, नवी घालते." साडूभाऊंनी दोन्ही हातांनी टोपी गच्च धरली. "ऱ्हाऊ द्या आत्या, वरूनच घाला." मेव्हणा ओढायला लागला तर त्याच्यावर खेकसले, "हात काढ! सांगितलं ना एकदा!" त्यांना एवढं चिडलेलं कुणी पाहिलं नव्हतं. शेवटी टोपीवर टोपी बसली. सगळी पोटभर हसली. हे खाली मान घालून धोंडे खात राहिले आणि त्या उकाड्यात त्यांच्या कानशिलांवरून घाम गळत राहिला. मी ताटातला धोंडा नुसता कुस्करत बसलो. लपवतोय कशाला हा? याहून मोठा कसला डाव आहे?

बेलापूरला आलो तो जळूनच. आणि मग जे करायचं नाही असं ठरवलं होतं तेच केलं. दुपारी बायको भजनाला गेलेली, दुकानाचं शटर अर्धं ओढलं, खतांच्या गोण्यांमागे बसलो आणि त्याच डॉक्टरीण बाईंची वेळ घेतली. मनात एकच होतं, साडूंना उगवले, मग मला का नाही? मी थोरला आहे! बाई फोनवर आल्या. मी डोकं वाकवलं. बाईंनी ते जरा उजेडात वळवायला लावलं. मग बाई म्हणाल्या, "काका, हे डोकं मी आधी पाहिलंय."

मी म्हटलं, "शक्य नाही. ते आजपर्यंत बेलापूर आणि सासुरवाडी सोडून कुठं उघडं गेलेलं नाही."

"ती कोयरीची खूण आहे ना, ती विसरणार नाही मी. मागे एका गृहस्थांनी फोटो पाठवले होते. नाव सांगता यायचं नाही. त्यांची औषधं तेव्हा नुकतीच सुरू झाली होती, तर म्हणाले, माझं ऱ्हाऊ द्या, आधी यांचं बघा. थोरले आहेत, आधी त्यांचं उगवलं पाहिजे." बाई हसल्या, मग जरा हळू झाल्या. "मी त्यांना जे सांगितलं तेच तुम्हाला सांगते काका. तुमच्या माथ्यावर मुळं फारशी राहिलेली नाहीत. औषध लिहून तुमचा पैसा घेणं बरं दिसत नाही. केस बसवून घ्यायचे असतील तर दवाखान्यात येऊन दाखवावं लागेल. हे ऐकून ते म्हणाले, मग माझंही बंद करा, त्यांच्यासमोर मी कुठल्या तोंडानं मिरवू? मी कसंबसं समजावलं. त्यांनी मला शपथ घातली होती की फोटोतल्या माणसाला हे कधी कळू द्यायचं नाही. आणि आता तुम्हीच समोर आलात."

फोन बंद झाल्यावर मी गोणीवर तसाच बसून राहिलो. गिऱ्हाईक अर्ध्या शटरखालून वाकून विचारत होतं, "मालक, डीएपी हाय का?" मी उठून त्याला युरिया दिला.

पुढच्या आठवड्यात साडूभाऊ शिर्डीहून परत जाताना दुकानात उतरले. डोक्यावर टोपी, टोपीखाली घामाची धार. मी म्हटलं, "टोपी काढा. उकडतंय." ते म्हणाले, "न्हाई, असू द्या, सवय झाली." मी उठलो आणि आपल्या हातानं त्यांची टोपी काढली. केस दबून चपटे झाले होते, पण होते, भरघोस होते. ते चोरी पकडल्यासारखे उभे राहिले. "साडूभाऊ," म्हणाले, "तसं काय न्हाई, थोडेच आलेत, तेबी राहत्यात का न्हाई..." मी म्हटलं, "कंगवा कुठाय?" त्यांनी खिशातून काढला. "विंचरा." दुकानाच्या काचेत बघून त्यांनी भांग पाडला. मी जळलो. कबूल करतो, तेव्हाही जळलो. केस फार झकास आले होते. म्हटलं, "डावीकडनं पाडा, शोभून दिसंल." त्यांनी डावीकडनं पाडला.

आता ते आले की टोपी माझ्या दुकानातल्या खिळ्याला टांगतात, आणि परवा जाताना ती तिथंच विसरले. दुपारी गिऱ्हाईक नसताना मी ती घालून पाहिली. ती माझ्या भुवयांवरून घसरली आणि पार नाकावर येऊन बसली. इतकी वर्षं सासूबाईंनी त्यांना माझ्या मापाच्या टोप्या दिल्या, आणि इतकी वर्षं हा माणूस मान न हलवता "झ्याक बसली" म्हणत आला. डोकंसुद्धा माझ्यापेक्षा मोठंच निघालं त्यांचं. बरं आहे, टोपी नाकावर होती, त्यामुळे माझे डोळे कुणाला दिसले नाहीत.