भुलीत डोळे उघडेच राहतात

कुत्रीच्या पोटाखाली गाठ आली आहे हे मला उशिरा कळलं, आणि मी जनावरांची डॉक्टर आहे. दिवसभर लोकांच्या गाई-म्हशींच्या कासा चाचपायच्या आणि घरच्या कुत्रीकडे ढुंकूनही पाहायचं नाही, असे माझे दिवस चालले होते. गाठ सापडली आत्यांना. सासूबाईंना मी आत्या म्हणते. त्या ओट्यावर बसून तिचं पोट खाजवत होत्या आणि एकदम म्हणाल्या, "हे काय लागून राहिलं गं हाताला?"

स्तनाची गाठ होती, लिंबाएवढी, आणि टोकाला फुटून तिच्यातून पाणी येत होतं. अशी गाठ औषधानं जात नाही, कापूनच काढावी लागते.

कुत्री माझ्या नवऱ्याची. तो साखर कारखान्यात नोकरीला होता आणि तिथल्या गेटवरून हिला शर्टात घालून घरी घेऊन आला होता. मागच्या गळिताच्या हंगामात तो घरी येताना रस्त्यात उभ्या असलेल्या उसाच्या ट्रॉलीवर मोटारसायकलसकट आदळला. ट्रॉलीला मागं ना दिवा होता ना रेडियमची पट्टी. नांदेडच्या एका मोठ्या दवाखान्यात काही दिवस मशीनवर होता, पण शुद्धीवर आलाच नाही. मग वसमतच्या आमच्या घरात दोन बाया आणि एक कुत्री एवढीच उरली.

मी रडले नाही. नातेवाइकांना याची माझ्यापेक्षा जास्त काळजी. एक मावशी तर माझा दंड धरून "रड गं, मोकळी हो" म्हणत मला हलवतच होत्या, जणू माझ्या आत काहीतरी अडकलंय आणि आपटलं की निघेल. मला त्यांचा राग येतोय की नाही, हेही नीट कळत नव्हतं. माझ्या धंद्यात बधिर हा शब्द रोजचा. शिंगाच्या मुळाशी इंजेक्शन द्यायचं, थोडं थांबायचं, सुई टोचून बघायची, कातडी हलली नाही की कापायला घ्यायचं. मला तेव्हा कुणीही कुठंही टोचावं, अशी माझी अवस्था होती. पंधरवड्यानं मी कामावर रुजू झाले आणि लोक म्हणाले, घट्ट मनाची आहे.

आत्यांचं उलट होतं. त्या माझ्याशी कामापुरतं बोलायच्या आणि उरलेलं सगळं कुत्रीशी. आज वांगं किडकं निघालं, शेजारणीनं वाटीभर हळद मागितली, पोराच्या शर्टाला अजून वास येतो, हे सगळं तिला सांगायच्या. मी आतल्या खोलीत पडून ऐकायचे. कुत्री गेली तर या बाईचं बोलणंच संपणार, एवढं मला स्पष्ट दिसत होतं. बाकी मला काही फारसं दिसत नव्हतं.

म्हणून मी ठरवलं की हिला गॅसवर भूल द्यायची. शेजारच्या जिल्ह्यातल्या पशुवैद्यक महाविद्यालयात गॅसचं यंत्र आहे. शिकत असताना त्या यंत्राचं मला फार कौतुक होतं. जनावर श्वास घेतं तसा गॅस आत जातो आणि श्वास सोडतं तसा बाहेर येतो. जास्त झाला वाटलं तर नॉब फिरवायची, बंद केला की थोड्या वेळात कुत्रं मान वर करून बघतं. दिलेलं परत घेता येतं, ही त्यातली मोठी गोष्ट. इंजेक्शनचं तसं नाही. एकदा सुईतून आत गेलं की गेलं. मग ते फोडायचं यकृतानं आणि बाहेर टाकायचं मूत्रपिंडानं, त्यांना जमेल तेव्हा. म्हाताऱ्या जनावराला ते लवकर जमत नाही, आणि आमची कुत्री म्हातारी होती.

पण खेड्यातल्या दवाखान्यात आम्ही इंजेक्शनवरच संसार करतो आणि मी त्याला नावं ठेवणार नाही. सिलिंडर नको, वीज नको. झाडाखालीही ऑपरेशन होतं. गॅस झोपवतो तेवढा, पण उतरला की दुखणं लगेच हजर होतं. केटामाइन हे आमचं भुलीचं इंजेक्शन उतरल्यावरही जनावराला काही काळ कमी दुखतं. तोल मात्र सांभाळावा लागतो. झायलाझिन नावाचं जे औषध बैलाला चिमूटभर पुरतं, वजनाच्या मानानं त्याच्या कितीतरी पट कुत्र्याला लागतं, आणि वजन आम्ही बहुतेक वेळा डोळ्यांनीच मोजतो.

आत्यांना मी हे सगळं समजावलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि कुत्रीच्या गळ्यात हात टाकून म्हणाल्या, "मोठ्या दवाखान्यात न्हाई न्यायचं."

"काहून पण? तिथं मशीन हाय, आत्या."

"त्यालाबी मशीनच होती. तुला येतं ना? मंग तूच कर."



सुट्टीच्या दिवशी माझ्या दवाखान्यात ऑपरेशन ठरलं. रात्रीपासून तिच्या पोटात काही जाता कामा नये, हे मी आत्यांना बजावून सांगितलं. सकाळी गाडीत त्या मागं बसल्या, कुत्री त्यांच्या मांडीवर. दोन्ही बाजूंना शिजवलेली हळद वाळत पडलेली होती आणि कुत्री काचेला नाक लावून बसली होती. आम्ही हट्टा गावाकडं, माझ्या दवाखान्याच्या रस्त्याला वळलो. दवाखान्यात आमचे परिचर दार उघडून, टेबल पुसून तयार होते.

मी झायलाझिन टोचलं. या औषधानं कुत्री बहुतेक ओकतात, रिकाम्या पोटी थोडा फेस येतो आणि संपतं. हिनं मात्र अख्खा दहीभात ओकला.

मी आत्यांकडे पाहिलं. त्यांनी मान खाली घातली नाही. "कामाला निघालेल्या जिवाला तसंच कसं धाडू?" त्या म्हणाल्या. "दही दिलं जरासं."

घरातून महत्त्वाच्या कामाला निघणाऱ्याच्या हातावर दही-साखर ठेवायची, ही त्यांची जुनी शिस्त. कुत्रीला तळहात नाही म्हणून वाटी घेतली, आणि नुसतं दही ती खात नाही म्हणून त्यात भात कालवला. परीक्षेला निघालेल्या पोरालाही कुणी इतकं खाऊ घातलं नसेल. मी ओरडायला हवं होतं. पण मी शांत होते आणि ही शांतता काही कौतुकाची नव्हती. पोटात आणखी भात असेल, तो भुलीत वर येईल आणि फुप्फुसात उतरेल. तसं झालं तर कुत्री वाचणार नाही. औषध तर आत गेलेलं. नॉब असती तर बंद करून सगळ्यांना घरी नेलं असतं.

मग माझ्या हातांनीच काम सुरू केलं. डोकं टेबलाच्या कडेवरून खाली सोडलं, तोंड कापडानं पुसून काढलं, शिरेतून केटामाइन दिलं आणि श्वासनलिकेत नळी घालून तिचा फुगा फुगवला, म्हणजे पोटातलं काही वर आलं तरी श्वासाच्या वाटेला जाणार नाही. गॅसच्या जनावराला ही नळी असतेच, कारण गॅस तिच्यातूनच जातो. इंजेक्शनवाल्याला आम्ही खेड्यात सहसा घालत नाही. परिचरांनी सलाइन धरलं, मी गाठ काढली, टाके घातले. आणखी एकदा दह्याचं पाणी तोंडातून आलं आणि टेबलावरून खाली गळलं. नळीमुळे ते आत गेलं नाही. सगळं आटोपल्यावर परिचर जेवायला गेले.

आता वाट बघायची होती. कुत्री गिळायला लागली की नळी काढायची. ती गिळेना. जीभ बाहेर, श्वास संथ, आणि डोळे टक्क उघडे. केटामाइनमध्ये ते मिटत नाहीत, वाळू नयेत म्हणून मी त्यांत मलम घालत होते. आत्या स्टूल ओढून तिच्या तोंडाशी बसल्या.

"जागी झाली का गं? बघून राहिली माझ्याकडं."

"न्हाई आत्या. डोळे उघडे राहतात नुसते. या इंजेक्शनचं तसंच असतं."

"मंग तिला मी दिसून न्हाई राहिले?"

"न्हाई."

"ऐकूबी येत न्हाई? काहीच समजत न्हाई?"

"काहीच न्हाई. आता ती इथं न्हाईच समजा." कुणाही मालकाला मी हेच सांगते, आणि मालकाला त्यानं बरं वाटतं. जनावराला दुखत नाही ना, एवढंच त्याला विचारायचं असतं.

आत्या बराच वेळ कुत्रीच्या डोळ्यांत बघत राहिल्या. नांदेडच्या त्या दवाखान्यात त्यांना एकदाच आत सोडलं होतं. बाहेर आल्यावर त्या एका शब्दानं काही बोलल्या नव्हत्या, नंतरही कधी नाही. त्या आता बोलल्या.

"माझ्या लेकराचेबी डोळे असेच व्हते. अर्धे उघडे. मी म्हणलं, बघून राहिला मला. मी म्हणलं, मी आलेय रे, घाबरू नको." त्या माझ्याकडे वळल्या. "म्हणजे त्यानं मला पाह्यलंच न्हाई."

एवढे महिने ही बाई कशावर उभी होती ते मला तेव्हा कळलं, आणि तेच मी आत्ता त्यांच्या पायाखालून काढलं होतं. मला भीती वाटली. कित्येक महिन्यांनी मला काहीतरी वाटलं, आणि ते हे.

"माणसाचं येगळं असतं, आत्या," मी म्हणाले. "माणसाला इंजेक्शन न्हाई देत. गॅस देतात."

"मंग?"

"गॅसमधी श्वासागणिक माणूस वर-खाली होत राहतो. मधीच वर येतो, बघतो, वळखतो, पुन्हा खाली जातो."

"किती येळ?"

"जरासाच. पण वळखतो."

यातलं एक अक्षर खरं नव्हतं. गॅसवरचं माणूस असं वर येऊन बघत नाही. आणि माझ्या नवऱ्याच्या उशाशी गॅस नव्हताच, शिरेतून औषध सोडणारे सिरिंजचे पंप होते. त्यांवरची औषधांची नावं मी वाचली होती, सवयीनं मनात डोसही मोजले होते.

आत्यांनी पदरानं तोंड पुसलं. "तेवढं बस झालं," त्या म्हणाल्या.

तेवढ्यात कुत्रीचा घसा हलला. पुन्हा हलला. मी फुग्यातली हवा सोडली, नळी ओढून काढली आणि ती खोकली. पापणी मिटली, उघडली. मान उचलायला गेली आणि धपकन पडली, पण शेपटीचं टोक टेबलावर एकदा आपटलं. "आली गं बाई माझी," म्हणत आत्यांनी तिचं डोकं मांडीवर घेतलं आणि तिच्या मिशांना लागलेलं दही पुसायला लागल्या. पुसता पुसताच, माझ्याकडे न बघता, त्यांनी विचारलं.

"अन् तुला? तुला पाह्यलं का गं त्यानं?"

मी रोज त्या खाटेशी उभी राहत होते. एका दुपारी, नर्सची पाठ वळल्यावर, जनावराची भूल किती खोल आहे ते बघण्यासाठी मी करते तसं बोटानं त्याच्या पापणीच्या कोपऱ्याला स्पर्श केला होता. पापणी हलली नव्हती.

"व्हय," मी म्हणाले. "मलाबी पाह्यलं."

आत्यांचा हात थांबला. त्यांनी वर पाहिलं.

"मंग रडून काहून राहिली?"